बोट ट्रेलरवर दर वेळी तिरकीच बसते : घरी केलेल्या गाईडच्या खांबांचे समस्या निवारण

लक्षणे

गाईडचे खांब म्हणजे ट्रेलरच्या मागच्या टोकाला दोन्ही बाजूंना उभे केलेले, प्लास्टिकच्या पाइपने झाकलेले लोखंडी पाइप. पाण्यातून ट्रेलरवर येणाऱ्या बोटीला मधोमध आणणे हे त्यांचे काम. तक्रार बहुधा एकाच वाक्यात येते : “खांब बसवले, तरी बोट वाकडीच बसते.” पण या एका वाक्यात चार-पाच निरनिराळे दोष दडलेले असतात, म्हणून पाना हातात घेण्यापूर्वी नेमके काय घडते ते वेगवेगळे करून पाहावे.

पहिला प्रकार असा, की बोट पाण्यात असताना दोन खांबांच्या मध्ये नीट उभी दिसते आणि ट्रेलर बाहेर ओढला की तिची पिछाडी डावीकडे किंवा उजवीकडे सरकून बसलेली आढळते. दुसऱ्या प्रकारात बोट नेहमी एकाच खांबाला घासते. त्या खांबावरचा प्लास्टिकचा पाइप झिजून जातो आणि समोरच्या खांबावरचा पाइप नवा असल्यासारखा राहतो. तिसऱ्या प्रकारात खांब मुळाशी वाकतो, किंवा वाकत नाही पण ट्रेलरच्या आडव्या दांड्याभोवती फिरून बाहेर कलतो. चौथ्या प्रकारात बोटीचे पुढचे टोक विंचपाशी, म्हणजे पट्टा गुंडाळून बोट ओढणाऱ्या पुढच्या चक्रापाशी, बरोबर मधोमध येते, पण पिछाडी वाऱ्याने वळून खांबाच्या बाहेरच जाते. पाचवा प्रकार रस्त्यावरचा आहे : खांब थडथड वाजतात आणि प्रत्येक फेरीनंतर नट सैल झालेले सापडतात. बोटीच्या कडेच्या रबरी पट्टीला पडलेल्या चिरा आणि फायबरवरचे पांढरे ओरखडे हे मात्र स्वतंत्र लक्षण नव्हे. वरीलपैकी एखादा दोष बरेच दिवस चालू राहिल्याचा तो परिणाम असतो.

नाशिकजवळच्या गंगापूर, मुकणे आणि दारणा या जलाशयांवर चालणाऱ्या १४ ते १६ फुटी फायबरच्या बोटींच्या ट्रेलरवर मी हा दोष अनेकदा दुरुस्त केला आहे, आणि त्यावरून माझे मत असे झाले आहे, की ज्या खांबाला दोष दिला जातो तो खांब बऱ्याच वेळा निर्दोष असतो. म्हणून पुढील तपासणी बिनखर्ची गोष्टींपासून सुरू होते आणि लोखंड कापण्याचे काम सर्वांत शेवटी येते. हा क्रम मोडू नये, असे मी आग्रहाने सांगतो. तो मोडल्यामुळे माझे स्वतःचे काय झाले, ते पुढे येईलच.

ट्रेलर पाण्यात किती खोल गेला आहे?

या तपासणीला एक पैसाही लागत नाही, आणि माझ्याकडे आलेल्या पहिल्या प्रकारच्या तक्रारी बहुतेक येथेच मिटलेल्या आहेत.

ट्रेलर प्रमाणाबाहेर खोल गेला, तर बोट ज्यांवर टेकायची त्या लाकडी पट्ट्या, म्हणजे कारागीर ज्यांना बंक म्हणतात त्या, संपूर्ण पाण्याखाली जातात. बोट मग पुढून मागून सगळीकडे तरंगतीच राहते. तिला धरून ठेवणारे फक्त दोन खांब उरतात, आणि त्यांच्यात तर मुद्दाम फट ठेवलेली असते. ट्रेलर बाहेर येऊ लागला की उतारामुळे आधी पुढचे टोक पट्ट्यांवर टेकते, पिछाडी तरंगत राहते, आणि ज्या क्षणी पिछाडी खाली बसते त्या क्षणी ती फटीत जेथे असेल तेथेच कायम होते. खांब कितीही भक्कम असले तरी हे टळत नाही. उलट ट्रेलर उथळ राहिला, तर बोट सुरुवातीपासूनच पट्ट्यांवर घासत चढते, विंच जड जाते, आणि ज्या रेषेत बोट आत शिरली ती रेषा शेवटपर्यंत सुधारत नाही.

योग्य खोली अशी, की पट्ट्यांचा पुढचा साधारण एक तृतीयांश भाग पाण्याबाहेर किंवा जेमतेम पाण्याच्या पातळीवर राहावा. बोटीचा कणा आधी त्या भागावर येऊन आपोआप मध्य शोधतो, आणि उरलेले दोन-तीन फूट विंचने ओढून घ्यावे लागतात. लहान ट्रेलरवर अशा वेळी मडगार्डचा माथा दोन-तीन बोटे पाण्याबाहेर दिसतो, परंतु ही खूण प्रत्येक ट्रेलरची निराळी असल्यामुळे दुसऱ्याच्या मापावर विसंबू नये. ज्या दिवशी बोट सरळ बसेल, त्या दिवशी पाणी कोठपर्यंत आले होते ते मडगार्डवर आणि मागच्या खांबावर तेलरंगाच्या रेघेने नोंदवावे.

दोन ठिकाणी खूण करण्यास सांगतो, त्याचे कारण आपल्याकडच्या जलाशयांत आहे. येथे पक्का काँक्रीटचा उतार क्वचितच असतो. मुरूम टाकलेली वाट किंवा नुसता काठ असतो. पावसाळ्यानंतर धरण भरलेले असते, मग कालव्यांना एकामागून एक आवर्तने सुटतात आणि मे महिन्यापर्यंत पाण्याची कड कितीतरी खाली सरकते. म्हणजे सप्टेंबरमध्ये ज्या उतारावर बोट चढवली, तो उतार उन्हाळ्यात कोरडा पडलेला असतो आणि ट्रेलर भलत्याच उतारावर उभा राहतो. उतार सपाट झाला की मडगार्डवरची खूण बरोबर असूनही ट्रेलरचा पुढचा भाग जास्त बुडतो आणि बोट संपूर्ण तरंगते. अशा वेळी ट्रेलर थोडा पुढे ओढून घ्यावा. उतार तीव्र झाला की मागच्या खांबावरची खूण पाण्याखाली जाते आणि पिछाडी अधिक वेळ मोकळी राहते. अशा वेळी काठावरच्या माणसाने पिछाडीला बांधलेला दोर ट्रेलर पूर्ण बाहेर येईपर्यंत सोडू नये. “त्या बाभळीपर्यंत मागे घ्यायचे” अशी काठावरची खूण म्हणूनच उपयोगाची नाही. खूण ट्रेलरवरच हवी. एकच ट्रेलर कधी जीपला आणि कधी ट्रॅक्टरला जोडत असाल, तर हुकाच्या उंचीतील फरकानेही ट्रेलरचा कल बदलतो, हेही ध्यानात ठेवावे.

ट्रेलर आडवा समपातळीत आहे का?

बोट नेहमी एकाच खांबाला घासत असेल, तर खांबाचे माप घेण्याआधी टायरमधील हवा पाहावी. एका टायरमध्ये हवा कमी असेल किंवा काठावरच्या गाळात एक चाक रुतले असेल, तर ट्रेलर एका अंगावर कलतो. बोट मात्र पाण्यात सरळच तरंगत असते. दोन चाकांतील अंतर १२० सेंटिमीटर आहे आणि एक चाक ६ सेंटिमीटर खाली गेले आहे असे धरले, तर ९० सेंटिमीटर उंचीवर दोन्ही खांब साडेचार सेंटिमीटर एका बाजूला झुकतात. प्रत्येक बाजूला तीन सेंटिमीटरचीच फट ठेवलेली असेल, तर एवढ्यानेच एक खांब बोटीला टेकतो आणि दुसरा दूर जातो. मागच्या आडव्या दांड्यावर एक साधी लेव्हल पट्टी ठेवून पाहिले, की हा दोष लगेच समजतो. काळ्या मातीच्या काठावर चाकांखाली लाकडी फळ्या टाकणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

याच वेळी बोटीच्या आतही नजर टाकावी. तळाशी साचलेले पाणी, एका बाजूला ठेवलेली बॅटरी किंवा भरलेली इंधनाची टाकी यांमुळे बोट स्वतःच कललेली असेल, तर दोष ट्रेलरवर शोधून सापडणार नाही.

वारा आणि वेग

उन्हाळ्यात नाशिकच्या परिसरात दुपारनंतर पश्चिमेचा वारा उठतो आणि मोकळ्या जलाशयावर त्याला काहीच आडवे येत नाही. चौथ्या प्रकारची तक्रार फक्त दुपारीच होत असेल आणि सकाळी होत नसेल, तर खांबांना हात लावण्याची गरज नाही. बोट सकाळी काढावी, किंवा वाऱ्याकडच्या बाजूने पिछाडीला दोर लावून धरावी. इंजिनाच्या जोरावर बोट वेगाने ट्रेलरवर चढवण्याची सवय असेल, तर ती सोडावी, कारण खांब हे बोटीला दिशा दाखवण्यासाठी असतात, तिचा धक्का थोपवण्यासाठी नसतात.

खांबांमधील अंतर, मध्य आणि ओळंबा

येथून पुढे मोजमाप सुरू होते. हे काम पाण्यावर करू नये. घरी सपाट जमिनीवर ट्रेलर समपातळीत उभा करून, बोट त्यावर मधोमध बसलेली असताना ते करावे, म्हणजे मोजायचे काय हे निश्चित राहते.

विंचच्या रोलरच्या मध्यापासून मागच्या आडव्या दांड्याच्या मध्यापर्यंत सुतळी ताणावी. ही ट्रेलरची मध्यरेषा झाली. रोलरच्या मध्यापासून डाव्या खांबाच्या मुळापर्यंत आणि उजव्या खांबाच्या मुळापर्यंत टेपने अंतर मोजावे. दोन्ही मापांत अर्ध्या सेंटिमीटरहून अधिक फरक असेल, तर खांब मध्यरेषेशी समान अंतरावर नाहीत. घरी खांब बसवताना अंतर सहसा ट्रेलरच्या चौकटीच्या कडेपासून मोजले जाते आणि चौकट स्वतःच किंचित तिरकी जोडलेली असू शकते. या चुकीमुळे मला दोन ट्रेलर पुन्हा खोलावे लागले. त्यानंतर प्रत्येक खांबाच्या माथ्यावरून ओळंबा सोडावा. बाहेर कललेला खांब वर जास्त फट देतो, आणि बोट तर वरच्या भागालाच टेकते.

फटीविषयी माझा अनुभव असा, की बोटीच्या कडेची रबरी पट्टी आणि खांबावरचा प्लास्टिकचा पाइप यांच्यात प्रत्येक बाजूला दोन ते तीन सेंटिमीटर अंतर पुरते. पाच सेंटिमीटर ठेवले, तर पिछाडीला एकूण दहा सेंटिमीटर सरकण्याची मोकळीक मिळते आणि खांब असून नसल्यासारखे होतात. एक सेंटिमीटरच ठेवले, तर वर सांगितलेल्या थोड्याशा कलानेही बोट अडकते आणि ती सोडवताना खांब वाकतो. हे अंतर बोट जेथे खांबाला टेकते त्या उंचीवर आणि तेथल्या रुंदीवर मोजावे. काही बोटी पिछाडीकडे निमुळत्या होतात, त्यामुळे मधल्या रुंदीवर बेतलेले खांब मागे सैल पडतात.

खांब ट्रेलरच्या अगदी मागच्या टोकाजवळच हवेत. ते चाकांच्या जवळ बसवले, तर बोट त्यांच्याभोवती तराजूच्या दांडीसारखी फिरते. उंची अशी असावी, की योग्य खोलीवर ट्रेलर उभा असताना तरंगत्या बोटीच्या रबरी पट्टीपेक्षा खांब सुमारे ३० सेंटिमीटर वर राहील. त्याहून कमी उंचीचा खांब लाटेबरोबर बोटीच्या कडेखाली जाण्याचा धोका असतो, आणि एकदा तो कडेखाली अडकला की फायबर फुटते.

नट-बोल्ट आणि प्लास्टिकचा पाइप

खांब फिरून कलत असेल, तर तो किती यू-बोल्टांवर (इंग्रजी यू आकाराच्या, दांड्याला कवेत घेणाऱ्या बोल्टांवर) बसवला आहे ते पाहावे. गोल दांड्यावर एकाच यू-बोल्टने धरलेला खांब कितीही आवळला तरी फिरतोच. एकमेकांपासून किमान १० सेंटिमीटर अंतरावर दोन यू-बोल्ट आणि त्यांना जोडणारी जाड पट्टी हवी. चौकोनी दांड्यावर मात्र उलटी चूक होते. तीन मिलिमीटर जाडीच्या पोकळ चौकोनी दांड्यावर बोल्ट जोराने आवळला, की दांड्याची भिंत आत दबते, त्या वेळी नट घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि पुढच्या खड्ड्यात तो सैल होतो. दांड्याच्या मागून पुढून सपाट जाड पट्ट्या लावून दाब पसरवला, म्हणजे हे थांबते. नायलॉन बसवलेले नट वापरावेत, आणि असा नट बोटांनी फिरू लागला, की तो बाद समजून बदलावा. त्याची किंमत बोटीच्या एका ओरखड्यापेक्षा फार कमी आहे.

खांबासाठी ४० एनबी (पाइपच्या आतल्या व्यासाचे नाममात्र माप) मापाचा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी, पाइप वापरलेला असेल, तर त्याचा बाहेरचा व्यास ४८.३ मिलिमीटर असतो आणि त्यावर ६३ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप मोकळा बसतो. तो मोकळाच राहिला पाहिजे, कारण बोट टेकल्यावर त्याने रोलरसारखे फिरावे यासाठीच तो असतो. आत गाळ आणि वाळू भरून तो जाम झाला, की बोट घसटत जाते आणि सगळा जोर खांबावर येतो. वरच्या तोंडाला टोपण लावावे, खाली पाणी निघण्यासाठी दोन भोके ठेवावीत आणि काम संपल्यावर बादलीभर स्वच्छ पाणी ओतावे. उन्हाने पीव्हीसी ठिसूळ होतो. बारीक तडे दिसू लागले की तो बदलावा, नाहीतर त्याची धारदार कड बोटीलाच कापते.

खांब खरोखरच कमकुवत आहे का?

वरील सर्व तपासून झाल्यावरच हा प्रश्न विचारावा. मी पहिल्यांदा ट्रेलरवर खांब बसवले, तेव्हा उजवा खांब एका हंगामात दोनदा मुळाशी वाकला. दोन्ही वेळा मी अधिक जाड भिंतीचा पाइप आणून बसवला आणि तिसऱ्या वेळी तो थेट आडव्या दांड्याला वेल्ड करून टाकला. त्यानंतर खांब वाकला नाही, परंतु पुढच्या महिन्यात आडवा दांडाच जोडापाशी फाटला आणि बोटीच्या कडेचे फायबर हातभर उकलले. मूळ कारण एवढेच होते, की पाणी उतरल्यावरही मी ट्रेलर जुन्याच अंदाजाने खोल नेत होतो आणि दुपारच्या वाऱ्यात तरंगणाऱ्या बोटीचा सगळा जोर एका खांबावर येत होता. वाकणारा खांब मला ते सांगत होता आणि मी त्याचे बोलणे बंद करून टाकले, याचे मला आजही वाईट वाटते, कारण ती बोट माझी नव्हती.

तरीही काही खांब खरोखरच कमकुवत असतात, आणि त्यांच्या बाबतीत हिशेब समजून घ्यावा. एका टोकाला धरलेल्या दांड्याचे वाकणे उंचीच्या तिसऱ्या घाताने वाढते. उंची दीडपट केली, तर तेवढ्याच जोराला खांबाचा माथा जवळजवळ ३.४ पट सरकतो. म्हणून खांब गरजेपेक्षा उंच असेल, तर प्रथम तो कापून कमी करावा. पाइप बदलायचाच असेल, तर भिंतीच्या जाडीपेक्षा व्यास वाढवावा. ४० एनबीचा मध्यम वर्गाचा पाइप काढून त्याच मापाचा जड वर्गाचा, म्हणजे अधिक जाड भिंतीचा, लावला, तर ताठपणा एक पंचमांशाहूनही कमी वाढतो. ५० एनबीचा मध्यम वर्गाचा लावला, तर तो दुपटीहून अधिक होतो. त्यावर मग ७५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप लागतो, आणि फट नव्याने मोजावी लागते, हे विसरू नये. नवे खांब वेल्ड न करता बोल्टनेच बसवावेत, म्हणजे अंतर कमी-जास्त करता येते आणि अपघातात आधी बोल्टचा जोड सरकतो, ट्रेलरची चौकट वाचते.

कापणे, घासणे आणि रंगवणे ही कामे घरीच उरकावीत. गंगापूर धरणाचे पाणी नाशिक शहर पिते. त्याच्या काठावर रंग, थिनर किंवा तेल सांडणे कोणत्याही कारणाने योग्य नाही.

येथे थांबावे आणि जाणकाराला बोलवावे

खांबाच्या मुळाशी किंवा आडव्या दांड्याच्या जोडावर गंजाची बारीक सरळ रेघ दिसली, तर ती चीर आहे असे समजून ट्रेलर रस्त्यावर नेऊ नये. नाशिकच्या अंबड-सातपूर या औद्योगिक परिसरात चौकटीचे काम जाणणारे फॅब्रिकेटर सहज मिळतात. चीर घासून, आतून आधारपट्टी देऊन वेल्ड करणे हे त्यांचे काम आहे. वरून नुसता वेल्डिंगचा थर दिल्याने चीर झाकली जाते, भरत नाही. जस्ताचा मुलामा असलेल्या पाइपवर मुलामा घासून काढल्याशिवाय वेल्डिंग केले, तर जस्ताच्या धुराने थंडी वाजून ताप येतो, म्हणून हौसेने हे काम बंद खोलीत कोणीही करू नये. वेल्डिंगच्या वेळी बोट आणि इंधनाची टाकी ट्रेलरवरून उतरवून दूर ठेवावी. फायबर आणि पेट्रोलची वाफ यांना एक ठिणगी पुरते.

बोट मधोमध बसवूनही ट्रेलर रस्त्यावर एका बाजूला ओढत असेल, किंवा एकच टायर आतल्या कडेने झिजत असेल, तर दोष एक्सलचा आहे आणि तो सुतळी-टेपने दुरुस्त होत नाही. फायबरला आरपार तडा असेल, तर वरून लांबी (पुट्टी) भरून बोट पाण्यात उतरवू नये. बोट दुरुस्त करणाऱ्याकडे न्यावी. विंचच्या पट्ट्याचे धागे सुटले असतील, तर त्याच दिवशी काम थांबवावे. आणि कोणत्याही परिस्थितीत, सरकणारी बोट हाताने रोखण्यासाठी बोट आणि खांब यांच्यामध्ये कोणी उभे राहू नये. पाण्यात हलकी वाटणारी बोट शेकडो किलोंची असते आणि ती हातासाठी थांबत नाही.

दुरुस्तीनंतरची पहिली चाचणी शांत वाऱ्याच्या सकाळी, इंजिन बंद ठेवून, दोराने व विंचने बोट ओढून घ्यावी, आणि सलग तीनदा ती सरळ बसल्याशिवाय काम पूर्ण झाले असे मानू नये. त्यानंतर प्रत्येक नट आणि त्याखालची पट्टी यांच्यावरून पांढऱ्या रंगाची एक आडवी रेघ ओढावी. घरी परतल्यावर रेघ जेथे तुटलेली दिसेल तो नट रस्त्यात फिरलेला असतो. तो पुन्हा आवळून नवी रेघ ओढावी, आणि दुसऱ्या फेरीतही तोच नट फिरला, तर त्याच्या खालची पट्टी खोलून दांडा दबला आहे का ते पाहावे.